ओढाळ गाईचं लोढणं

माझ्याबद्दल कोणाला सांगायचं झालं की ऑफिसात लोक आधी म्हणायचे, "काम येतं त्याला." मग आवाज खाली आणून जोडायचे, "पण सांभाळून." मला दोन्ही वाक्यं आवडायची, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बारा जणांच्या टीमचा प्रमुख होतो. त्या बारातले निदान सात जण माझ्या खुर्चीचा आवाज आला तरी पाठ ताठ करून बसत.

वेल्ह्यात, पासलीच्या वरच्या अंगाला आमचं घर. भाताची खाचरं, दोन बैल, एक म्हैस. वडील शब्द वाया घालवत नसत. एकदा माझ्या दुर्लक्षामुळे म्हैस भाताच्या तरव्यात शिरली आणि लावणीला आलेली रोपं तिने अर्धी खाल्ली, अर्धी तुडवली. वडिलांनी नांगराच्या रुमण्याने मला इतकं मारलं की दोन दिवस पाठ टेकवता आली नाही. म्हशीलाही मारलं, पण मला जास्त. तिला कळत नव्हतं आणि मला कळायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी शिकलो, शहरात आलो, आणि आपण कधी कोणावर हात उचलायचा नाही असं ठरवलं. ते पाळलं. जीभ मात्र मोकळी सोडली. एखाद्याचं काम तपासायला बसलो की त्याची सालटी काढल्याशिवाय उठत नसे. माउस भिंतीवर फेकलेत, कचऱ्याच्या डब्याला लाथा घातल्यात. एका मुलीने राजीनामा देताना मला सांगितलं होतं की रविवारी संध्याकाळपासून तिला मळमळायला लागतं. मी म्हणालो, डॉक्टरला दाखव.

आमच्या धंद्यात सगळ्यांचं काम एकत्र जोडून एक मोठं यंत्र चालावं तसं चालतं. एकाने चूक घातली की सगळ्यांचं अडतं. त्याला आम्ही बिल्ड मोडला म्हणतो. बिल्ड मोडणाऱ्याला सगळ्यांना चहा पाजावा लागेल, अशा बारीकसारीक शिक्षा बऱ्याच टीममध्ये असतात. मला त्या मिळमिळीत वाटायच्या. मी गावाहून लोढणं आणलं.

लोढणं म्हणजे हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका. ओढाळ गाय, म्हणजे सारखी दुसऱ्याच्या पिकात तोंड घालणारी, तिच्या गळ्यात तो दोरीने अडकवतात. पळायला लागली की तो पुढच्या पायांवर आपटतो. आमच्या गोठ्यातलं ते लोढणं बाभळीचं होतं, वापरून वापरून काळं गुळगुळीत झालेलं. मी टीमला सांगितलं, बिल्ड मोडणारा म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर. त्याने दिवसभर हे गळ्यात घालायचं, जेवायला जातानाही. सगळे हसले. दुसऱ्या मजल्यावरचे लोक फोटो काढायला यायचे. वरच्या साहेबांनी कंपनीच्या बैठकीत आमचं कौतुक केलं, काय तर म्हणे टीममध्ये मोकळेपणा आहे. मी स्वतःही दोनदा घातलं होतं, आणि हे मी पुढे प्रत्येकाला ऐकवत असे.

त्या टीममध्ये एक जण माझ्याच तालुक्यातला होता, पानशेतच्या अलीकडच्या गावचा. डिप्लोमा करून मग नोकरी सांभाळत पुढचं शिकलेला, तिशीतला, कमी बोलणारा. डेटाबेसच्या कामात त्याच्याइतका हात कोणाचा चालत नसे. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तो मात्र मला सर म्हणायचा. दोघंच असलो की आम्ही गावाकडचं बोलायचो. त्याचं आडनाव ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं, की हा बौद्धवाडीतला. आमच्याकडे ते कळतंच. कळलं आणि मी ते बाजूला टाकलं, आणि बाजूला टाकलं म्हणून स्वतःवर खूष झालो. मी जात मानत नाही, असं मी त्या काळात फार वेळा म्हणायचो.

त्याने बिल्ड क्वचित मोडला. मोडला तेव्हा लोढणं घातलं, पण हसला नाही. दिवसभर खुर्चीत बसून राहिला, जेवायला उठला नाही. मला वाटलं, स्वभाव. दुसऱ्यांदा मोडला तेव्हा त्याने हळूच विचारलं, "सर, चहा पाजला तर चालंल का?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "का बरं, तुला वेगळा नियम?" त्याने मान खाली घालून दोरी गळ्यात घातली.

मग टीमची सहल ठरली. मी पानशेतच्या पाण्याकाठचं एक फार्महाउस निवडलं. माझाच भाग, रस्ता पाठ, आणि तिथल्या चुलीवरच्या भाकरीची ख्याती. तो माझ्या जागेपाशी आला आणि म्हणाला, घरी काम आहे, यायला जमणार नाही. मी कारण विचारलं, त्याने सांगितलं नाही. मी म्हणालो, "टीमबरोबर जेवायला यायचं नसेल तर टीममध्ये तरी कशाला राहायचं?" हे मी हसत हसत म्हणालो. असल्या धमक्या मी हसूनच द्यायचो. तो आला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने शेवटचा बदल चढवला आणि बिल्ड मोडला. चूक अर्धी त्याची होती, अर्धी मी घाईत दिलेल्या चुकीच्या माहितीची. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी लोढणं गाडीच्या डिकीत टाकलं.

शनिवारी दुपारी जेवणाआधी सगळे अंगणात गोळा झालो होतो. एकीने मोबाईल वर धरून व्हिडिओ सुरू केला. मी लोढणं मागून काढलं, टाळ्या पडल्या. तो म्हणाला, "सर, हितं नगं." चारचौघांत तो माझ्याशी गावाकडचं पहिल्यांदाच बोलला. मी ते ऐकलं आणि मला मजा वाटली. मी स्वतः त्याच्या गळ्यात दोरी घातली. एकाने मागून "हैक, हैक" केलं. दुसऱ्याने ओंडका धरून हिसडला, त्याची मान पुढे ओढली गेली. मी हसत होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भाकऱ्यांची टोपली घेऊन एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. त्यांनी टोपली जमिनीवर ठेवली. ती त्याची आई होती. शनिवार-रविवार त्या तिथे भाकऱ्या करायला यायच्या. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी विचारलंच नव्हतं.

त्या आमच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्याच्याजवळ गेल्या आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "आमच्या गळ्यातलं काडाया किती पिड्या गेल्या रं. आन तू पुन्ना घालून घितलंस?"

 त्याने दोरी डोक्यावरून काढली, ओंडका दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या तोंडावर मारला.

आवाज मी आतून ऐकला. खाली पडलो, तोंडात दात आणि रक्त आणि माती एकत्र झालं. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसरा बसला नाही, कारण माझ्या टीमने त्याला खाली पाडलं होतं. ही माझी टीम, जिच्यातले लोक साधा प्रश्न विचारताना "तुला वेळ असेल तर" म्हणतात. चार जण त्याला लाथा घालत होते. एकाने त्याचं डोकं जमिनीवर दाबून धरलं होतं. शर्ट पाठीवर फाटला. त्याची आई त्यांच्या मध्ये घुसली आणि कोणाच्या तरी कोपराचा फटका लागून पडली. ती उठली, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आली, आणि तेव्हा कुठे ते चौघे मागे सरले. मी जमिनीवर कुशीवर पडून हे बघत होतो. माझा एक शब्द पुरला असता. जबडा मोडला होता हे खरं, पण हात चालत होता, आणि मी तो वर केला नाही. त्याला मार बसत होता आणि मला बरं वाटत होतं.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधले. सहा आठवडे बोलणं बंद, चावणं बंद. मी भोरला बहिणीकडे जाऊन राहिलो. ताई सकाळ-संध्याकाळ तांदळाची पेज गाळून द्यायची आणि मी नळीने ओढायचो. दिवसभर पडल्या पडल्या मी त्याला मारायचो, मनातल्या मनात. रुमण्याने, दगडाने, कधी हातानेच. इतकं मारूनही माझं समाधान होत नसे.

कंपनीला पोलीस नको होते, बाहेर बभ्रा नको होता. एचआरच्या मॅडमनी निरोप पाठवला, घडलं ते लेखी कळवा. मी मोबाईलवर पाच ओळी लिहिल्या. जेवणाच्या वेळी सदर सहकाऱ्याने कोणतंही कारण नसताना लाकडाने हल्ला केला, वगैरे. लोढण्याचा उल्लेख केला नाही. लोढणं कुठून आलं, कोणी बांधलं, याचाही नाही. टीममधल्या कोणीच केला नाही, कारण हिसडणारे आणि लाथा घालणारेही तेच होते. आठवड्याच्या आत त्याला काढून टाकल्याचं पत्र गेलं. त्याने त्याला उत्तरही दिलं नाही, असं मॅडमनी मला समाधानाने कळवलं.

पुढच्या रविवारी चुलतभाऊ गावाहून भेटायला आला. माझा सुजलेला गाल बघून त्याचं डोकं फिरलं. खाटेच्या कडेवर बसून तो म्हणाला, "दादा, दोन गाड्या काडतो. पोरं तयार हायेत. वाडीत जाऊन त्याला भाईर वडतो. तू निस्ती मान हलव."

मला बोलता येत नव्हतं. मान हलवता येत होती. मी खोटं लिहिणार नाही, मी ती हलवणार होतो.

ताई दारात उभी होती, तिच्या हातात माझा मोबाईल. सहलीत मोबाईल वर धरणाऱ्या मुलीने पुरावा म्हणून मला व्हिडिओ पाठवला होता. मी तो फक्त फटक्यापासून बघितला होता, पुन्हा पुन्हा. ताईने पहिल्यापासून बघितला. ती भावाला म्हणाली, "गप बस जरा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्ये आपल्या गोठ्यातलं लोडनं न्हवं?"

मी मान डोलावली.

"म्हंजी तू बांदलंस. त्यो नगं म्हनला, तरी बांदलंस." तिने मोबाईल माझ्या छातीवर ठेवला. "आरं, त्याच्यासारक्या पोरांच्या आज्यास्नी आपल्या आज्यानं अंगनात उबं केलं न्हाई कदी. ह्ये तुला ठावं न्हाई का?"

ठाऊक होतं. लहानपणी ते सगळं मी ऐकलं होतं, थोडं डोळ्यांनी बघितलंही होतं. मला वाटायचं की मी ते आठवत नाही म्हणजे ते संपलं. माणसाच्या गळ्यात काही अडकवून त्याला चारचौघांत फिरवणं म्हणजे काय, हे आमच्या मुलखात कोणाला सांगावं लागत नाही. मला मात्र ते त्याच्या आईच्या तोंडून कळावं लागलं, आणि तेही तिने मला सांगितलं नाही, तिच्या मुलाला सांगितलं. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. भाऊ बराच वेळ बडबडत राहिला. ताईने त्याला चहा देऊन वाटेला लावलं आणि बजावलं, तिकडं कोण गेलं तर मी आधी पोलिसात जाईन. कोणी गेलं नाही.

तारा निघाल्यावर मी पानशेतला गेलो, त्याच फार्महाउसवर. त्याची आई मागच्या बाजूला भाकऱ्या थापत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. माझं तोंड तेव्हा अर्धवटच उघडायचं, शब्द दातांतून घासून यायचे. मी म्हणालो, "मावशी, चूक माझी हुती. मी माफी मागाया आलोय."

त्यांनी हात थांबवला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"माज्याकडं नगा मागू," त्या म्हणाल्या. "मला मार लागला न्हाई लई. त्याच्या बरगडीला लागलाय."

मी विचारलं, तो कुठे आहे.

"हाय घरी. दोन जागी बोलावलं त्याला, काम आवडलं म्हनले. मंग तुमच्याकडं फोन करून इचारत्यात, आन तुमच्याकडनं काय सांगत्यात कुनाला ठावं. मंग न्हाई म्हनत्यात." भाकरी उलटून त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्याला समदे मारत हुते तवा तुमचं डोळं उगडं हुतं. मी बगितलं."

 त्यांनी बसा म्हटलं नाही आणि मी बसलो नाही.

सोमवारी मी ऑफिसात गेलो आणि एचआरच्या मॅडमच्या टेबलावर नवं निवेदन ठेवलं. त्यात सगळं होतं, शुक्रवारच्या चुकीतला माझा वाटासुद्धा. सोबत व्हिडिओ, पहिल्यापासूनचा. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि मला बसवून प्रेमाने समजावलं. प्रकरण बंद झालंय. उघडलं तर टीममधले आणखी चौघे जातील, तुम्हीही जाल. मारलं तर त्यानेच ना? मग त्यांनी मला एक गोष्ट सुचवली, आणि ती ऐकून मला त्यांचं टेबल उलथून टाकावंसं वाटलं. इतक्या प्रामाणिकपणे लिहिलंय तुम्ही, त्या म्हणाल्या, तर नव्या लोकांना कामाच्या जागी माणसांशी कसं वागावं यावर तुम्हीच एक तास का घेत नाही?

मी टेबल उलथलं नाही. तासही घेतला नाही. टीमला एकत्र बसवून निवेदन मोठ्याने वाचून दाखवलं. लाथा घालणाऱ्यांपैकी एक जण रडला, एक जण उठून गेला, आणि हिसडणाऱ्याने विचारलं की आता हे उकरून काढायची काय गरज. त्याच्या जागी दोन महिन्यांपूर्वीचा मी असतो तर हेच विचारलं असतं. म्हणून मी त्याच्यावर ओरडलो नाही. त्याला मी तो व्हिडिओ पुन्हा दाखवला, त्याचा हात दिसतो तिथे थांबवून. ज्याच्यासाठी हे केलं त्याचं काम मात्र झालं नाही. कंपनीच्या कागदावर तो अजूनही विनाकारण हल्ला करणारा माणूसच होता.

मी त्याला निरोप पाठवला. पुढे कोणी चौकशी करायचं म्हटलं, तर कंपनीचा नको, माझा नंबर दे. दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही.

दीड महिन्याने सारोळ्याच्या पुलापाशी गाडीत असताना फोन आला. एका कंपनीतली बाई होती. अमुक गृहस्थ तुमच्या हाताखाली होते का, तुमच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का. मी गाडी एका टपरीच्या बाजूला घेतली. त्याने नंबर दिला होता. हे कळल्यावर मी आधी गाडी बंद केली.

कामाबद्दल विचारलं. मी सांगितलं, त्याच्याइतका चोख माणूस मी पाहिला नाही. मग तिने विचारलं, वर्तनाबद्दल काही तक्रार?

"हो," मी म्हणालो. "त्याने मला लाकडाने मारलं. माझा जबडा मोडला."

 मग ती सावरून म्हणाली, ठीक आहे, धन्यवाद, एवढं पुरे.

"पुरे नाही," मी म्हणालो. "हे अर्धंच झालं." आणि मी तिला पहिल्यापासून सांगितलं. गोठ्यातून काय आणलं, पहिल्यांदा तो कसा जेवायला उठला नाही, चहा पाजू का म्हणाला तेव्हा मी काय बोललो, अंगणात तो काय म्हणाला, त्याची आई काय म्हणाली, आणि मग आमच्या लोकांनी त्याला कसं तुडवलं आणि मी कसा बघत राहिलो. दहा मिनिटांच्या वर वेळ गेला. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, हे सगळं तुम्ही तुमच्या सहीने लेखी द्याल का? दिल्यावर माझ्या नोकरीचं काय होईल, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हणालो, आज संध्याकाळपर्यंत देतो.

मग ती जरा अवघडून म्हणाली, आमच्या फॉर्मवर एक शेवटचा प्रश्न असतो, तो विचारावाच लागतो. संधी मिळाली तर तुम्ही त्यांच्याबरोबर पुन्हा काम कराल का?

"मी करीन," मी म्हणालो. "पण हाच प्रश्न माझ्याबद्दल त्याला विचारू नका."